अर्धे पाण्याखाली, अर्धे किनाऱ्यावर

स्कूबा (पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पाण्याखाली जाणे, म्हणजेच डाइव्हिंग) करणारे आणि न करणारे मिळून एखाद्या उष्णकटिबंधीय बेटावर सुट्टीला निघतात, तेव्हा बेत आखण्याचे काम बहुधा डायव्हरकडेच येते आणि तो ते ठरलेल्या क्रमाने करतो: आधी डाइव्ह साइट्स, मग डाइव्ह सेंटर, मग त्याच्या जवळचे हॉटेल आणि सर्वांत शेवटी ‘बाकीच्यांना समुद्रकिनारा आहेच की’. मी डाइव्ह करते, माझा नवरा कानाच्या जुन्या तक्रारीमुळे करत नाही, आणि आमच्याबरोबर पुष्कळदा सासूबाई असतात, ज्यांना समुद्र पाहायला मनापासून आवडतो, पण त्यात पाऊल घालायचे नसते. त्यामुळे हा क्रम उलटा करण्याची मला सवय लागली आहे. पाण्याखाली न जाणाऱ्यांचा दिवस कसा जाईल हे आधी ठरवायचे आणि त्यात डाइव्ह बसवायच्या. डाइव्हिंग हा ठरल्या वेळी सुरू होऊन ठरल्या वेळी संपणारा, दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला कार्यक्रम असतो; तो कुठेही बसतो. मोकळा दिवस मात्र आपोआप भरत नाही, आणि पहिल्या दिवशी हवाहवासा वाटणारा किनारा तिसऱ्या दिवशी नुसता वाट पाहण्याची जागा होऊन बसतो.

डाइव्ह न करणारे म्हणजे सगळे एकसारखे, असे नसते, म्हणून प्रत्येकाला आधी नीट विचारून घ्यावे. पोहता येते, स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पृष्ठभागावर तरंगत खाली पाहणे) आवडते, फक्त पाठीवर सिलिंडर नको, असा एक जण असतो. दमा, कान किंवा हृदयाच्या तक्रारीमुळे ज्याला डॉक्टरांनीच मनाई केली आहे, असा दुसरा. पाण्याची भीती आहे, पण ती जावी असे वाटणारा तिसरा, आणि समुद्र दुरूनच चांगला असे मानणारा चौथा. पहिल्याला किनाऱ्याजवळ चांगली रीफ, म्हणजे प्रवाळाची रांग, हवी असते. दुसऱ्यालाही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, तेवढे पुरते. तिसऱ्याला शांत, कमरेएवढे पाणी आणि घाई न करणारा प्रशिक्षक लागतो. चौथ्यासाठी मात्र बेटच असे निवडावे लागते, की पाण्याकडे पाठ केली तरी आठवडा मजेत जाईल. आपल्या गटात यांपैकी कोण किती आहेत, यावर जितके अवलंबून असते तितके रीफच्या प्रतीवरही नसते, असे माझे मत आहे.

त्यानंतर घड्याळ. बहुतेक ठिकाणी बोट सकाळी आठच्या सुमारास निघते, दोन डाइव्ह होतात, त्या दोहोंमध्ये पाण्याबाहेर साधारण तासाभराचा विराम असतो (रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तो लागतोच), आणि बारा-एकच्या सुमारास बोट परत येते. ऐकायला हा अर्धा दिवस वाटतो. प्रत्यक्षात त्याला पहाटेचे उठणे, सामानाची जुळवाजुळव, परत आल्यावर वेटसूट आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारे उपकरण) गोड्या पाण्यातून काढून वाळत घालणे, लॉगबुकात नोंद, उशिरा झालेले जेवण आणि त्यानंतर डायव्हरला हमखास येणारी गाढ झोप हे सगळे जोडावे लागते. ‘तू परत किती वाजता येणार ते नको सांगूस, जागी किती वाजता होणार ते सांग,’ असे माझा नवरा म्हणतो, आणि त्याचे बरोबर आहे. म्हणून एकत्र काही करायचे असेल तर डाइव्हच्या दिवशी ते साडेतीन-चारनंतरच धरावे. आमच्याकडे दुपारची तिसरी डाइव्ह नसते, नाइट डाइव्ह झाली तर आख्ख्या सुट्टीत एखादी, आणि दोन दिवस डाइव्ह केल्या की तिसरा दिवस सगळ्यांचा. कट्टर डायव्हरला हे फारच कमी वाटेल. त्याने मित्रांबरोबर वेगळी सहल काढावी, असा माझा प्रेमळ सल्ला आहे.

आता बेट कोणते, हा प्रश्न. काही ठिकाणे पहिल्या फेरीतच गळतात. गालापागोसमधील डार्विन आणि वुल्फ ही बेटे डायव्हरांची पंढरी असली, तरी तिथे पोचायचे तर लाइव्हअबोर्डवरच, म्हणजे राहायचे, जेवायचे, झोपायचे सगळे बोटीवर. शिवाय तिथले प्रवाह जोरदार, त्यामुळे नवशिक्या डायव्हरचेही तिथे काम नाही, मग डाइव्ह न करणाऱ्याचे काय सांगावे. लाइव्हअबोर्डवर कोणी सोबत म्हणून येतो म्हणाला, तर त्याला दिवसातून तीन-चार वेळा रिकाम्या होणाऱ्या डेकवर एकट्याने बसायचे आहे, हे स्पष्ट सांगावे. मालदीवची एक-एका रिसॉर्टची चिमुकली बेटे याच्या उलट: पाणी दारात, डायव्हर जेवायच्या वेळी हमखास परत, पण बेटाला फेरी मारायला वीस मिनिटे लागतात आणि ‘चला, जरा गावात जाऊन येऊ’ ही सोय नाही. तीन-चार दिवस ते स्वर्गासारखे असते. आठवडाभर राहायचे आणि गटात वर सांगितलेला चौथा माणूस असेल, तर मी दोनदा विचार करीन.

मिश्र गटासाठी मला मोठी किंवा निदान मध्यम आकाराची बेटे जास्त भावतात. बालीचे उदाहरण घ्या. ईशान्य किनाऱ्यावर तुलांबेन इथे ‘लिबर्टी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज आहे. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते निकामी झाले, ओढत आणून किनाऱ्याला लावले गेले आणि १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी सरकून पाण्यात गेले. आज ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, पाच मीटरपासून तीसेक मीटर खोलीपर्यंत पसरले आहे. डायव्हर गोट्यागोट्यांच्या किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरतो, बोटीची गरजच नाही. स्नॉर्केल लावलेल्याला त्याच जहाजाचा वरचा भाग दिसतो. आणि ज्याला यातले काहीच नको, त्याला डोंगर, मंदिरे, भातखाचरे गाडीच्या अंतरावर आहेत.

कॅरिबियनमधील बोनेर याच जातीचे, पण वेगळ्या स्वभावाचे. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड ठेवलेले असतात, त्यांवर डाइव्ह साइटचे नाव असते. गाडी थांबवायची, सिलिंडर चढवायचा आणि चालत पाण्यात जायचे. बोटीचे वेळापत्रक नसल्याने डाइव्ह सकाळी सातला करा किंवा दुपारी चारला, कोणाची अडवणूक होत नाही. बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. बाकीच्यांसाठी दक्षिणेला मिठागरे आणि फ्लेमिंगो, लाक बे या उथळ उपसागरात विंडसर्फिंग, उत्तरेला राष्ट्रीय उद्यान. डायव्हरच्या वेळापत्रकावर ज्याचा विश्वास उडाला आहे, अशा कुटुंबाने या बेटाचा जरूर विचार करावा.

बेट ठरले की हॉटेल, आणि इथे माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा उपग्रहाचे चित्र जास्त खरे बोलते. नकाशावर ते बेट उघडावे आणि हॉटेलपुढचे पाणी जवळून पाहावे. किनाऱ्यालगत फिकट, दुधाळ निळा पट्टा दिसतो तो बहुधा वाळूच्या तळाचा उथळ लगून, म्हणजे रीफच्या आतले शांत पाणी. फोटोत तो सर्वांत सुंदर दिसतो आणि मासे त्यात सर्वांत कमी असतात. त्यात तपकिरी-हिरवट ठिपके असतील तर तिथे प्रवाळाचे खडक किंवा समुद्री गवत आहे. त्यापलीकडे पाणी एकाएकी गडद निळे होते, ती रीफची कड. आता किनाऱ्यापासून त्या कडेपर्यंतचे अंतर मोजावे. मोजपट्टीची सोय नकाशातच असते. ते पन्नासेक मीटर असेल, तर ज्याला हॉटेल मंडळी हाऊस रीफ म्हणतात ती खऱ्या अर्थाने दारात आहे आणि तुमचा स्नॉर्केल करणारा माणूस कोणाचीही वाट न पाहता, हवे तेव्हा, सोबतीला एक जण घेऊन तिथे जाईल. पाचशे मीटर असेल, तर रोज बोट लागेल. लगून वाईट असे मुळीच नाही. लहान मुलांना आणि पाण्याला बिचकणाऱ्यांना तोच हवा. फक्त आपल्याला काय हवे ते आधी माहीत असावे. हाऊस रीफवर उतरण्याची वाट कुठे आहे, हेही हॉटेलला विचारून घ्यावे, कारण ओहोटीला प्रवाळावरून चालत जाणे प्रवाळाला आणि पायाला सारखेच घातक असते.

स्नॉर्केलिंग म्हणजे डाइव्हिंगची कनिष्ठ आवृत्ती, असा एक समज आमच्यासारख्या लोकांनीच पसरवला आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. पहिल्या पाच-सहा मीटरांतच तो फिका पडू लागतो आणि आणखी खाली सगळे निळे-करडे होते, म्हणूनच डायव्हर टॉर्च घेऊन फिरतात. उन्हात न्हालेली रीफ तिच्या खऱ्या रंगांत दिसते ती वरून तरंगणाऱ्यालाच. काही ठिकाणी तर डायव्हरांना मज्जावच आहे. मालदीवच्या बा अटॉलमधील (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचे कडे) हनिफारू उपसागरात साधारण मे ते नोव्हेंबर या काळात मांटा रे हे पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड चपटे मासे मोठ्या संख्येने प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) खायला येतात आणि तिथे फक्त स्नॉर्केलिंगला परवानगी आहे. पॅसिफिकमधल्या पलाऊ या द्वीपदेशातील जेलीफिशच्या सरोवरातही सिलिंडर नेता येत नाही; तळाकडच्या पाण्यात विषारी हायड्रोजन सल्फाइड साठलेला असतो आणि बुडबुड्यांचा जेलीफिशना त्रास होतो. अशा ठिकाणी गटातले सगळे एका पातळीवर येतात, अगदी शब्दशः.

सर्वांना एकाच बोटीत नेऊन एकच गोष्ट दाखवणारे अनुभव मी मुद्दाम शोधते. हवाईच्या मोठ्या बेटावर, कोनाच्या किनाऱ्याजवळ रात्री दिवे लावून प्लवक गोळा केले जाते. डायव्हर सुमारे दहा मीटर खाली तळावर बसतात, स्नॉर्केल करणारे पृष्ठभागावर दिवे लावलेल्या फळीला धरून तरंगतात आणि मांटा रे त्या दोघांच्या मध्ये कोलांट्या घेत राहतात. खालच्याला त्यांचे पांढरे पोट दिसते, आणि वरच्याच्या मास्कसमोर हातभर अंतरावर ते उघडे तोंड येते. त्या रात्री जेवताना दोघांकडेही सांगण्यासारखे काहीतरी असते. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमनच्या वाळूच्या दांड्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून स्टिंगरे हे चपटे, लांब शेपटीचे मासे पाहता येतात. आणि बेलीझच्या ग्रेट ब्लू होलच्या बाबतीत तर मला गंमतच वाटते. सुमारे तीनशे मीटर रुंद आणि सव्वाशे मीटर खोल असे ते वर्तुळ प्रसिद्ध झाले ते आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांमुळे. डायव्हर कित्येक तासांचा बोटीचा प्रवास करून चाळीस मीटरांवरच्या अंधुक उजेडात लवणस्तंभ पाहून काही मिनिटांत वर येतो, तर छोट्या विमानात बसलेल्याला अख्खे वर्तुळ दिसते. तिथे कोणाची दया करायची, हे मला ठरवता आलेले नाही.

डाइव्ह बोटीवर सोबत म्हणून जाता येते का, हा प्रश्न नेहमी निघतो. येते, पण प्रत्येक बोटीवर नाही आणि प्रत्येक साइटवर नाही. आरक्षण करताना तीन-चार गोष्टी थेट विचाराव्यात. रीफचा माथा किती मीटरवर आहे? तो पाच मीटरवर असेल तर स्नॉर्केल करणाऱ्याला काहीतरी दिसेल, अठरा मीटरवर असेल तर केवळ निळाई. प्रवाह आहे का? मेक्सिकोच्या कोझुमेल बेटासारख्या ठिकाणी डायव्हर प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि बोट त्यांच्या बुडबुड्यांच्या मागे फिरते. अशा वेळी वर एकट्याने पोहत राहण्याची कल्पना सोडून द्यावी. स्नॉर्केल करणाऱ्यांवर लक्ष ठेवायला कोणी असते, की सगळा कर्मचारीवर्ग खाली जातो? सावली आणि स्वच्छतागृह आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात आणि पाच तासांच्या फेरीत त्याचेच महत्त्व सर्वांत जास्त असते. शिवाय थांबलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, त्यामुळे डायव्हर पाण्यात सुखाने असताना मळमळ होते ती वर बसलेल्याला. सासूबाई एकदा हौसेने आल्या होत्या. पहिल्या डाइव्हनंतर मी वर आले, तेव्हा त्यांनी डोळे मिटूनच सांगितले, ‘तू जा परत खाली, माझ्याशी बोलू नकोस.’ त्यानंतर त्यांच्यासाठी आम्ही काचेच्या तळाची बोट शोधतो, जी तासाभरात धक्क्याला लागते.

उरला विमानाचा नियम, आणि संपूर्ण वेळापत्रकाचा कणा तोच आहे. डाइव्हनंतर शरीरात नायट्रोजन उरलेला असतो, आणि विमानाच्या केबिनमधील हवेचा दाब सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या दाबाइतका कमी असतो. त्यामुळे घाईने उडाल्यास डीकम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे त्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका संभवतो. मनोरंजनासाठीच्या साध्या डाइव्हसाठी सर्वसाधारण शिफारस अशी, की एकच डाइव्ह केली असेल तर निदान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग काही दिवस डाइव्हिंग केले असेल तर निदान १८ तास उड्डाण टाळावे. बरेच जण सरळ २४ तास धरतात, मीही. मालदीवमधील सीप्लेन किंवा बेटाभोवती फिरवणारे हेलिकॉप्टर कमी उंचीवरून उडते म्हणून त्याला यातून सूट समजू नये. आणि मिश्र गटाची खरी गोची होते ती डोंगरावर. हवाईतल्याच माउई बेटावर हालेआकाला शिखरावरून सूर्योदय पाहणे हे डाइव्ह न करणाऱ्यांच्या यादीत सर्वांत वर असते. ते शिखर ३,०५५ मीटर उंच आहे आणि गाडी थेट समुद्रसपाटीपासून वर चढते. आदल्या दुपारी डाइव्ह करून पहाटे त्या डोंगरावर जाणे शरीराच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखेच आहे.

म्हणून डाइव्ह सुट्टीच्या पहिल्या भागात, डोंगर, हेलिकॉप्टर आणि विमान शेवटच्या भागात. पोचल्यावर थकलेल्या डायव्हरने पहिल्या दिवशी तसेही काही करू नये. शेवटचे दोन दिवस मी पूर्णपणे इतरांच्या ताब्यात देते: कुठे जायचे, किती चढायचे, काय पाहायचे हे नवरा ठरवतो आणि मला तक्रार करायला जागा नसते. मात्र उलट्या क्रमाने, म्हणजे आधी डोंगर आणि मग डाइव्ह, जायला काहीच हरकत नाही, हे लक्षात असू द्यावे. हवामान बिघडले तर ही अदलाबदल कामी येते.

ऋतूच्या बाबतीत दोघांचे हितसंबंध नेहमी जुळतातच असे नाही. मालदीवमध्ये डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा, लख्ख उन्हाचा काळ, तर हनिफारूचा हंगाम नेमका पावसाळी वाऱ्यांचा. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. बोनेर आणि त्याची शेजारची बेटे त्या पट्ट्याच्या बरीच दक्षिणेला असल्याने तिथे धोका कमी. डायव्हरला पावसाचे फारसे काही वाटत नाही, तो भिजलेलाच असतो. किनाऱ्यावर बसणाऱ्याला वाटते, तेव्हा शंका असेल तर झुकते माप त्याला द्यावे.

‘करून तर बघ’ हा आग्रह दिवसातून एकदाही करू नये. ज्याला मनातून इच्छा आहे, त्याच्यासाठी प्रमाणपत्र नसतानाही प्रशिक्षकाबरोबर एकदा पाण्याखाली जाण्याचा कार्यक्रम जवळजवळ प्रत्येक डाइव्ह सेंटरवर असतो. खोलीची मर्यादा साधारण १२ मीटर. त्याआधी आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते, आणि त्यात एखादे उत्तर ‘होय’ असेल तर डॉक्टरांची सही लागू शकते, तेव्हा ती घरूनच आणावी. पूर्ण ओपन वॉटर कोर्सला, म्हणजे डायव्हरच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला, तीन-चार दिवस लागतात आणि त्यातला अभ्यासाचा भाग निघण्यापूर्वीच ऑनलाइन उरकता येतो. पाडी (PADI) या डाइव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या नियमाप्रमाणे किमान वय १० वर्षे. जोडीदाराने जोडीदाराला शिकवायला जाऊ नये. शिकवणारा परका असला की दोघांची सुट्टी सुखरूप राहते.

विम्याकडे मात्र काणाडोळा नको. प्रवासाच्या सर्वसाधारण विम्यात स्कूबा वगळलेले असू शकते किंवा त्याला खोलीची अट असू शकते. डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्यावा आणि त्यात रीकम्प्रेशन चेंबरचे (डीकम्प्रेशन सिकनेसवर जास्त दाबाखाली उपचार करण्याची बंद खोली) उपचार व तिथवर नेण्याचा खर्च येतो का, ते पाहावे. यातली कागदपत्रे डायव्हरच्या बॅगेत ठेवून उपयोग नाही, ती डाइव्ह न करणाऱ्याकडे द्यावीत. डीकम्प्रेशन सिकनेसची लक्षणे पुष्कळदा पाण्याबाहेर आल्यावर काही वेळाने, कधी कधी काही तासांनी दिसतात: सांधेदुखी, बधिरपणा किंवा मुंग्या, चक्कर, अंगावर चट्टे, नेहमीपेक्षा वेगळा थकवा. तेव्हा शेजारी डाइव्ह मास्टर नसतो, खोलीतला माणूस असतो. आणि ‘सिलिंडर उचलताना खांदा आखडला असेल’ असे म्हणून झोपायला निघालेल्या डायव्हरचे ऐकायचे नाही, हे त्याला आधी सांगून ठेवलेले असले पाहिजे. आमच्याकडे डाइव्ह सेंटरचा रात्रीचा क्रमांक, विम्याचा तातडीचा क्रमांक आणि जवळच्या चेंबरचा पत्ता नवऱ्याच्या फोनमध्ये असतो, आणि त्याची एक प्रत कागदावर, सासूबाईंच्या पर्समध्ये.